औषधी स्टेंट पुन्हा अरुंद होतो तेव्हा: ओसीटीतला 'काळा' भाग म्हणजे नेमकी कोणती ऊती?

काचपट्टी (धागाकर्ता)

औषधी स्टेंटमध्ये (हृदयाच्या धमनीत बसवलेली, औषधाचा लेप असलेली जाळी) परत वाढ झाली की रिपोर्टात बहुतेक वेळा 'निओइंटिमल हायपरप्लेसिया' (स्टेंटच्या आत नव्या ऊतीची वाढ) एवढंच लिहिलेलं असतं. साध्या धातूच्या स्टेंटच्या काळात ते खपून जायचं, कारण तिथली वाढ बरीचशी एकसाची होती. स्मूथ मसल पेशींची (धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी) दाटी, सुरुवातीला प्रोटिओग्लायकन (पेशींमधला जेलीसारखा गर) आणि तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन, पुढे त्याची जागा घेणारं पहिल्या प्रकारचं कोलॅजन. सहा ते आठ महिन्यांत वाढ कळसाला पोचते आणि मग थोडी आक्रसते.

औषधी स्टेंटचं चित्र निराळं. औषध पेशींचं विभाजन रोखतं, त्यामुळे पेशी विरळ आणि मधला प्रोटिओग्लायकनचा गर जास्त. स्ट्रटभोवती (जाळीच्या तारांभोवती) फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे तंतू) महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकून राहतं. आतलं एंडोथेलियमचं अस्तर उशिरा आणि अर्धवट येतं, आणि आलं तरी त्याच्या पेशींमधले सांधे ढिले राहतात. अशा गळक्या अस्तरातून लिपिड आत शिरतं आणि नव्या ऊतीतच नवा मेदथर बसतो, म्हणजे निओॲथेरोस्क्लेरोसिस.

हे किती लवकर होतं याचे आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ शवविच्छेदनांच्या मालिकेत (स्टेंट बसवलेल्या ४०६ जागा) निओॲथेरोस्क्लेरोसिस औषधी स्टेंटांपैकी ३१ टक्क्यांत होतं, साध्या स्टेंटांपैकी १६ टक्क्यांत. सर्वांत लवकर सापडलेलं उदाहरण पॅक्लिटॅक्सेल हे औषध असलेल्या स्टेंटमध्ये ७० दिवसांचं, सिरोलिमस असलेल्यात १२० दिवसांचं, साध्या स्टेंटमध्ये मात्र ९०० दिवसांचं.

मुद्दा असा की काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, हे चार-पाच प्रकार ठळक वेगळे दिसतात, पण ओसीटीत (धमनीच्या आतून प्रकाशाने काढलेलं चित्र) त्यातले निम्मे 'काळे' दिसतात. ओसीटी रोज वाचणाऱ्यांनी लिहावं: तुम्ही काळ्यातून काळं कसं वेगळं काढता?

प्रकाशछेद

चांगला विषय. आधी मर्यादा सांगतो. ओसीटीचा प्रकाश सुमारे १३०० नॅनोमीटरचा, अक्षीय भेदनक्षमता १० ते २० मायक्रॉन, पण आत शिरतो जेमतेम १ ते २ मिलीमीटर. आयव्हीयूएस (धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी) बरोबर उलटं: ४० मेगाहर्ट्झला भेदनक्षमता १०० मायक्रॉनच्या आसपास, पण धमनीची बाहेरची भिंतही दिसते. म्हणून स्टेंटच्या आतली ऊती कशाची आहे हे ओसीटीला विचारावं, स्टेंटबाहेर धमनी केवढी आहे हे आयव्हीयूएसला.

ऊतीचे तीन साचे सगळ्यांना पाठ असतात: एकजिनसी, मिश्र आणि थरांचा. पण साच्याचं नाव घेण्याआधी मी प्रत्येक काळ्या भागाला तीन प्रश्न विचारतो.

पहिला, कडा कशी आहे? रेखीव असेल तर कॅल्शियम. विरघळल्यासारखी असेल तर लिपिड, नाहीतर गर.

दुसरा, काळ्याच्या मागे काय दिसतं? कॅल्शियमच्या मागची भिंत दिसते, कारण त्यातून प्रकाश आरपार जातो. लिपिडच्या मागे सिग्नल झपाट्याने विझतो आणि पलीकडचे स्ट्रटही हरवतात. प्रोटिओग्लायकनच्या गराचा भाग काळपट असूनही मागचे स्ट्रट ठळक राहतात. हा एक प्रश्न नीट विचारला तर अर्ध्याहून जास्त चुका टळतात.

तिसरा, काळं स्ट्रटच्या कोणत्या बाजूला आहे? स्ट्रट आणि रक्तमार्ग यांच्या मध्ये असेल तरच ती नवी ऊती. स्ट्रटच्या बाहेर असेल तर तो स्टेंट घालण्याआधीचा जुना मेदथर. तो 'निओ' म्हणून लिहिलेला अनेकदा दिसतो.

निवासी_दोन

म्हणजे मिश्र साचा दिसला की निओॲथेरोस्क्लेरोसिस, असं समजायचं का? आम्हाला तसंच शिकवलंय.

प्रकाशछेद

नाही. मिश्र साच्याखाली प्रोटिओग्लायकन, फायब्रिन, जुनी होऊन ऊतीत रुजलेली गुठळी, सूज, बारीक रक्तवाहिन्या, यातलं काहीही असू शकतं. मिश्र हे वर्णन झालं, निदान नव्हे. निओॲथेरोस्क्लेरोसिस म्हणायला नव्या ऊतीत लिपिड किंवा कॅल्शियम दाखवता आलं पाहिजे. लिपिडवरचं आवरण ६५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ असेल तर फाटण्याचा धोका धरायचा. मॅक्रोफेजांचे (मेद गिळणाऱ्या दाहाच्या पेशी) पुंजके असतील तर ठळक चकचकीत ठिपके किंवा पट्टे आणि त्यांच्यामागे सावली दिसते.

एकजिनसी उजळ साचा मात्र बऱ्यापैकी विश्वासाचा: पेशी आणि कोलॅजन.

काचपट्टी

इथे एक पाचर मारतो. पृष्ठभागालगत फेसाळ मॅक्रोफेजांचा थर असला की मागचा सगळा सिग्नल विझतो आणि चित्र हुबेहूब लिपिड गाभ्यासारखं दिसतं. काचपट्टीवर तिथे गाभा नसतोच, सावलीत लपलेलं साधं कोलॅजन निघतं. उपाय थोडाफार आहे: सावलीच्या वरच्या टोकाला पाहा. मॅक्रोफेज असतील तर अगदी पृष्ठभागाशी उजळ रेघ आणि तिथूनच सावली सुरू. लिपिड गाभा असेल तर आधी उजळ आवरणाचा थर, मग हळूहळू अंधार.

थरांच्या साच्याबद्दलही. आतला उजळ थर स्मूथ मसल पेशींचा. बाहेरचा, स्ट्रटलगतचा काळपट थर फायब्रिन, दाहाच्या पेशी, गर किंवा नव्या केशवाहिन्या यांपैकी कशाचाही. स्ट्रटभोवती काळं वलय दिसलं की काही जण थेट 'दाह' लिहून मोकळे होतात. तसं लिहू नये, वलय आहे एवढंच लिहावं. त्यात गोल किंवा लांबट पोकळ्या, साधारण ५० ते ३०० मायक्रॉनच्या, लागोपाठ तीन फ्रेममध्ये दिसल्या तर नव्या रक्तवाहिन्या म्हणता येतात. एकाच फ्रेममधलं भोक काहीही असू शकतं.

कॅथलॅब_तंत्रज्ञ

वाचणाऱ्यांनी चित्र कसं काढलंय तेही बघावं, कारण खराब धुतलेल्या, म्हणजे कॉन्ट्रास्टने रक्त नीट बाजूला न सारलेल्या, पुलबॅकमध्ये (कॅथेटर मागे ओढत काढलेली चित्रमालिका) सगळीच ऊती 'मिश्र' दिसते. आमच्या बाजूच्या काही गोष्टी:

कॅथेटर घालण्याआधी नायट्रोग्लिसरीन १०० ते २०० मायक्रोग्रॅम धमनीत. नाहीतर आकसलेल्या धमनीचं माप संदर्भ म्हणून धरलं जातं आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

कॉन्ट्रास्ट इंजेक्टरने सेकंदाला ३ ते ४ मिलिलिटर, एकूण १२ ते १४ मिलिलिटर. उजव्या धमनीला कमी वेग पुरतो. गाइड कॅथेटर मुखाशी सरळ रेषेत बसलेलं नसेल तर अर्धा कॉन्ट्रास्ट महाधमनीत जातो आणि स्टेंटमध्ये रक्ताचे भोवरे राहतात. ते भोवरे गुठळीसारखे दिसतात. शंका असेल तर पुलबॅक परत काढा: भोवऱ्याची जागा बदलते, गुठळीची बदलत नाही.

पुलबॅकचा वेग: १८० फ्रेम प्रति सेकंद धरल्यास १८ मिलीमीटर वेगाला मिलीमीटरमागे १० फ्रेम मिळतात, ३६ ला फक्त ५. स्टेंट तुटलाय का हे शोधायचं असेल तर हळू वेग घ्या.

आणि सर्वांत नेहमीची अडचण: जागा इतकी अरुंद की २.७ फ्रेंचचं (फ्रेंच हे कॅथेटरच्या जाडीचं एकक) कॅथेटरच ती बंद करतं. पलीकडचं रक्त धुतलं जात नाही. मग १.५ किंवा २ मिलीमीटरच्या फुग्याने वाट करून पुन्हा पुलबॅक काढावा लागतो. पण त्यानंतर दिसणाऱ्या चिरा फुग्याच्या आहेत हे रिपोर्टात आलं पाहिजे. नाहीतर वाचणारा 'आवरण फाटलंय' लिहितो.

धातूआधी

सगळे ऊतीवर तुटून पडलेत म्हणून जरा थांबवतो. पुन्हा अरुंद झालेल्या स्टेंटमध्ये पहिला प्रश्न ऊतीचा नाहीच, धातूचा आहे.

दोन काल्पनिक स्टेंट घ्या, दोन्ही ३ मिलीमीटरचे. पहिल्यात स्टेंटचं क्षेत्रफळ ७.० चौरस मिलीमीटर, उरलेला मार्ग २.१. म्हणजे ७० टक्के जागा ऊतीने खाल्ली. दुसऱ्यात स्टेंटचं क्षेत्रफळ ३.४, मार्ग २.०. इथे ऊतीने खाल्ली ४१ टक्केच. अँजिओवर (कॉन्ट्रास्ट घालून काढलेलं एक्स-रे चित्र) दोन्ही सारखे गंभीर दिसतील. पण दुसऱ्या ठिकाणी संदर्भ धमनी (स्टेंटलगतचा चांगला भाग) ७.५ चौरस मिलीमीटर असेल तर स्टेंट उघडलाय अवघा ४५ टक्के, म्हणजे ३ मिलीमीटरचा स्टेंट २.१ वर अडकलाय. तिथे थोडीशी, अगदी नेहमीची भरून येणारी ऊतीसुद्धा रक्ताला पुरून उरते. ऊतीचा काय दोष?

ओसीटीवर ४.५ आणि आयव्हीयूएसवर ५.५ चौरस मिलीमीटर या किमान क्षेत्रफळांच्या खाली गेलात की पुन्हा अरुंद होण्याची शक्यता वाढते. संदर्भाच्या ८० टक्के उघडणं हे त्याच्या जोडीचं प्रमाण. डाव्या मुख्य धमनीच्या फाट्यावर ५-६-७-८ हा नियम चालतो: तिच्या दोन फांद्यांपैकी सर्कमफ्लेक्सचं मुख ५, एलएडीचं ६, दोघी मिळतात तो संगम ७, मुख्य धमनी ८ चौरस मिलीमीटर.

निवासी_दोन

पण औषधी स्टेंटमध्ये तर वाढच कमी असते ना? मग उघडणं कमी राहिलं तर फरक का पडावा?

धातूआधी

वाढ कमी असते म्हणूनच पडतो. साध्या स्टेंटमध्ये लेट लॉस, म्हणजे नंतर बुजणारा व्यास, ०.८ ते १ मिलीमीटर. पहिल्या पिढीच्या सिरोलिमस स्टेंटमध्ये ०.२ च्या आत, पॅक्लिटॅक्सेलमध्ये ०.४ च्या आसपास. २००२ च्या रॅव्हेल चाचणीत तर सिरोलिमस गटात सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद झालेला एकही स्टेंट नव्हता. ऊतीचा वाटा इतका घटला की उरलेल्या बिघाडांत यांत्रिक कारणांचा टक्का आपोआप वर आला: न उघडलेला स्टेंट, तुटलेला स्टेंट, दोन स्टेंटमधली फट, कडेला औषधाविना राहून गेलेला जखमी पट्टा.

म्हणूनच औषधी स्टेंटमधला नमुना बहुधा छोटा, एका जागेचा असतो, अनेकदा कडेला. साध्या स्टेंटमध्ये लांबच्या लांब वाढ नेहमीची. मेहरानच्या १९९९ च्या वर्गवारीत १० मिलीमीटरपर्यंतची पहिल्या गटात, त्याहून लांब पण स्टेंटच्या आत राहिलेली दुसऱ्यात, स्टेंटबाहेर पसरलेली तिसऱ्यात आणि पूर्ण बंद चौथ्यात. ती अँजिओवर बेतलेली आहे, कारण सांगत नाही. कारणाप्रमाणे लावायचं तर वॉक्समन यांची वर्गवारी कामाची: पहिला गट यांत्रिक, दुसरा जैविक, तिसरा दोन्ही मिळून, चौथा जुना पूर्ण बंद, पाचवा दोनापेक्षा जास्त थरांचे स्टेंट. जैविकातच साधी वाढ, कॅल्शियमविना निओॲथेरोस्क्लेरोसिस आणि कॅल्शियमसह असे तीन उपगट.

प्रकाशछेद

धातूआधी यांच्याशी पूर्ण सहमत, एक भर. तुटलेला स्टेंट ओसीटीत शोधताना घाई नको. उजव्या धमनीच्या वाकणावर, लांब किंवा एकावर एक चढवलेल्या स्टेंटमध्ये तो जास्त भेटतो. लागोपाठच्या फ्रेममध्ये स्ट्रट नाहीत एवढ्यावर तुटला म्हणू नका. स्ट्रट लिपिडच्या किंवा लाल गुठळीच्या सावलीतही हरवतात. कॅथेटर धमनीच्या एका कडेला चिकटलं असेल तर समोरच्या बाजूचे स्ट्रट फिक्या रेघा होतात. कॉन्ट्रास्ट न घालता स्टेंट ठळक करून काढलेलं एक्स-रे चित्र सोबत पाहावं.

तुटलेल्या जागी अगदी नेमकी, गाठीसारखी वाढ दिसते. तिथे औषध पोचलेलं नसतं आणि प्रत्येक ठोक्याला टोकं हलत राहतात.

काचपट्टी

पहिल्या पिढीच्या सिरोलिमस स्टेंटची एक पॅथॉलॉजी वेगळी नोंदवतो, कारण जुने स्टेंट अजून लोकांच्या धमन्यांत आहेत. पॉलिमरला अतिसंवेदनशील प्रतिक्रिया: स्टेंटच्या लांबीभर इओसिनोफिल आणि टी लिम्फोसाइट या दाहाच्या पेशी, धमनी बाहेरच्या बाजूला फुगते, स्ट्रट भिंतीपासून सुटतात. ओसीटीत स्ट्रटच्या मधे मधे बाहेर निघालेले कोनाडे दिसतात. पॅक्लिटॅक्सेलमध्ये याउलट मधल्या थरातल्या स्नायुपेशींचा नाश आणि भरपूर फायब्रिन. दोन्ही स्टेंट 'रीस्टेनोसिस' (पुन्हा अरुंद होणं) थांबवणारेच, पण धमनीला दिलेली जखम निराळी.

त्या सिरोलिमस स्टेंटचे स्ट्रट सुमारे १४० मायक्रॉनचे होते. पुढच्या पिढीच्या कोबाल्ट-क्रोमियम एव्हरोलिमस स्टेंटचे ८१. शवविच्छेदनात न झाकलेले स्ट्रट खूप घटले, फायब्रिन आणि दाहही घटला. पण निओॲथेरोस्क्लेरोसिसचं प्रमाण पहिल्या पिढीच्या जवळपासच राहिलं. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत कमी चर्चिलेली गोष्ट ही आहे. अस्तर लवकर येणं आणि अस्तर नीट काम करणं यात अंतर आहे.

फुगेवाला

आता उपचाराच्या बाजूने. ऊती ओळखायची कशाला? कारण साधन बदलतं.

स्टेंट कमी उघडलेला: आधी तोच उघडा. नॉन-कम्प्लायंट (दाब वाढवला तरी मापाबाहेर न फुगणारा) फुगा, संदर्भाच्या मापाचा, जास्त दाबाने. नाही उघडला तर दुहेरी भिंतीचा अतिदाब फुगा. त्याचा ठरलेला कमाल दाब ३५ ॲटमॉस्फियर. स्टेंटबाहेर कॅल्शियमचं कडं असेल तर इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सी (दाबलहरींच्या धक्क्यांनी कॅल्शियम फोडणं): फुगा ४ ॲटमॉस्फियरला ठेवून १० धक्क्यांच्या फेऱ्या, मधे ६ ॲटमॉस्फियरपर्यंत फुगवून पाहायचं. न उघडलेल्या स्टेंटमध्ये नुसता दुसरा स्टेंट घालणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. बाहेरचा पिंजरा जेवढा, आतला त्याहून लहानच.

पेशींची साधी वाढ, स्टेंट नीट उघडलेला: ऊती फुग्याने दाबली तर फुगा साबणाच्या वडीसारखा पुढे-मागे निसटतो. म्हणून कटिंग किंवा स्कोअरिंग फुगा (ऊतीत रुतणारी पाती किंवा तारा असलेला). इझार-डिझायर ४ या चाचणीत औषधी फुग्याआधी (औषधाचा लेप असलेला फुगा) स्कोअरिंग केलेल्या गटात अँजिओवर पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण १८.५ टक्के होतं, न केलेल्या गटात ३२.

निओॲथेरोस्क्लेरोसिस, लिपिडचा: जास्त दाबाने चेंदल्यास आतला मऊ माल पुढे वाहून जाऊन प्रवाह मंदावू शकतो. इथे दुसरा औषधी स्टेंट घालून झाकण्याकडे माझा कल.

कॅल्शियमचा निओॲथेरोस्क्लेरोसिस: लिथोट्रिप्सी किंवा लेझर. रोटाब्लेशन (फिरत्या टोकाने घासणं) करता येतं, पण न उघडलेल्या स्टेंटच्या धातूत बर, म्हणजे ते टोक, अडकण्याची भीती खरी आहे.

निवासी_दोन

औषधी फुगा की पुन्हा औषधी स्टेंट, हे ऊतीवर ठरतं की आधीच्या स्टेंटवर?

फुगेवाला

दोन्हींवर, आणि थरांच्या संख्येवर. १० चाचण्यांमधल्या १९७६ रुग्णांची एकत्रित मोजणी करणाऱ्या डीडॅलसमध्ये साध्या स्टेंटातल्या वाढीला दोन्ही सारखेच ठरले. औषधी स्टेंटातल्या वाढीत पुन्हा औषधी स्टेंटने परत उपचार करण्याची वेळ कमी आली. पण आधीच दोन थर असतील तर तिसरा थर टाळावा, तिथे औषधी फुगाच बरा. साध्या फुग्यापेक्षा तो सरस आहे यात वाद नाही: एजंट नावाच्या औषधी फुग्याच्या चाचणीत ६०० रुग्णांमध्ये एका वर्षात उपचार केलेल्या जागेचा बिघाड १७.९ टक्के, साध्या फुग्यात २८.६. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोरोनरीसाठी मंजूर केलेला पहिला औषधी फुगा तोच, पॅक्लिटॅक्सेल २ मायक्रोग्रॅम प्रति चौरस मिलीमीटर.

फुगा वापरताना औषध वाटेत धुतलं जातं हे विसरू नका. आधी तयारी अशी की उरलेला अरुंदपणा ३० टक्क्यांच्या आत आणि प्रवाह अडवणारी चीर नाही. मग औषधी फुगा बोटं न लावता, न रेंगाळता जागेवर, आणि ३० ते ६० सेकंद फुगवलेला. तयारी केलेल्या लांबीपेक्षा तो दोन्ही बाजूंनी थोडा लांब हवा, नाहीतर जखमी कडा पुन्हा औषधाविना.

कॅथलॅब_तंत्रज्ञ

+१. फुगा एकदाच वापरायचा. 'गेला नाही, बाहेर काढून परत घालू' असं केलं की आवरण गेलेलं असतं, मग तो साधाच फुगा.

सीटीवाला

अवांतर नाही म्हणून विचारतो: हे सगळं सीटीवर कितपत?

प्रकाशछेद

बंद आहे की उघडा, एवढं ३ मिलीमीटर आणि मोठ्या स्टेंटमध्ये बऱ्यापैकी. लहान स्टेंटमध्ये धातूची चमक फुगून आतला मार्ग खाते. तीक्ष्ण कर्नल (चित्र धारदार करणारी गणिती गाळणी) वापरला तरी पूर्ण जात नाही. ऊती कशाची, हे नाही.

काचपट्टी

पॅथॉलॉजीला नमुना पाठवणाऱ्यांसाठी एक विनंती. ॲथेरेक्टॉमीने (कॅथेटरने आतली ऊती कापून काढणं) काढलेले तुकडे रक्तमार्गाकडच्या बाजूचे असतात. स्ट्रटभोवतीचं फायब्रिन आणि दाह त्यात येतच नाही, म्हणून 'दाह नाही' असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. पूर्ण स्टेंट असेल तर १० टक्के बफर फॉर्मेलिन दाबाखाली, सुमारे १०० मिलीमीटर पाऱ्याला, धमनीत सोडून घट्ट करावं. कोसळलेल्या धमनीत मापं घेण्यात अर्थ नाही. मग मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये बसवून टंगस्टन कार्बाइड पात्याने काप. पॅराफिनमध्ये धातू कापायला गेलात तर स्ट्रट निखळतात आणि भोवतालची ऊती, म्हणजे नेमकी हवी ती, फाटते. मोव्हाट रंगात इलॅस्टिन काळं, कोलॅजन पिवळं, प्रोटिओग्लायकन निळं-हिरवं, स्नायुपेशी लाल, फायब्रिन भडक लाल. कॅल्शियमसाठी व्हॉन कोसा, मॅक्रोफेजसाठी सीडी ६८.

निवासी_दोन

मग रिपोर्टात 'निओइंटिमल हायपरप्लेसिया'ऐवजी नेमकं काय लिहू?

धातूआधी

पहिली ओळ धातूची: किमान स्टेंट क्षेत्रफळ, संदर्भाच्या किती टक्के, तुटलाय का, थर किती. दुसरी ओळ ऊतीची: सर्वांत अरुंद फ्रेममध्ये ऊतीचा टक्का आणि साचा. तिसरी: स्ट्रटच्या आत लिपिड किंवा कॅल्शियम आहे का, असल्यास वर्तुळाच्या किती अंशांत, आवरण किती जाड. दिसतं ते लिहा, वलयाला दाह म्हणू नका. बसवून किती महिने झाले तेही घाला. सहाव्या महिन्यातला काळा भाग आणि सहाव्या वर्षातला काळा भाग यांचा अर्थ सारखा लावता येत नाही.

कॅथलॅब_तंत्रज्ञ

आणि फ्रेम क्रमांक स्टेंटच्या खालच्या कडेपासून मोजून लिहा, पुलबॅकच्या सुरुवातीपासून नको. पुढच्या वेळी कॅथेटर वेगळ्या जागी सुरू होतं आणि जुनी-नवी चित्रं जुळवायला तासभर जातो.